कुणी बंदूक हातात दिलीच नव्हती, तरी विनोबा नाही म्हणाले

लोकलमध्ये ऐकत असाल तर दारातून जरा आत सरका. आजचा एपिसोड विरारहून निघालात तर बोरिवलीच्या आसपास संपेल.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. नायगावच्या एका श्रोत्याने 'हॅक्सॉ रिज' बघितला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. डेस्मंड डॉस नावाचा अमेरिकन पोरगा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जातो, पण बंदुकीला हात लावायला नकार देतो. मग ओकिनावाच्या लढाईत तोच पोरगा कड्यावरून पंचाहत्तरेक जखमींना खाली उतरवतो. खरी गोष्ट आहे ही. तर श्रोत्याचा प्रश्न असा होता : 'दादा, आपल्याकडे असं कुणी होतं का? की आपल्याकडे फक्त लढणारेच?'

प्रश्न बरोबर आहे. आपण वसईत राहतो. किल्ल्यात गेलं की चिमाजी अप्पांचं स्मारक दिसतं. १७३९ ची लढाई आपल्याला शाळेपासून माहीत असते. लढला त्याचं स्मारक होतं. 'मी लढणार नाही' म्हणाला त्याचं स्मारक मी तरी आपल्या भागात पाहिलेलं नाही.

पण असा माणूस महाराष्ट्रात होता. रायगड जिल्ह्यातला, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. नाव तुम्हाला माहितीये, फक्त या कारणासाठी माहीत नसेल. विनायक नरहरी भावे. म्हणजे विनोबा.

त्यांच्याकडे येतोच. पण आधी जरा लांबून सुरुवात करू, कारण जगात या नकाराची सगळ्यात जुनी सवय असलेली माणसं वेगळीच आहेत.

मेनोनाइट म्हणजे कोण?

आपल्याकडे ख्रिश्चन म्हटलं की कॅथलिक डोळ्यासमोर येतात, त्यामुळे हे नाव फारसं कानावर येत नाही. १५२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये काही लोकांनी ठरवलं की बाप्तिस्मा जन्मल्याबरोबर देऊन उपयोग नाही, माणसाने कळत्या वयात स्वतः ठरवून घ्यावा. म्हणजे धर्म जन्माने मिळत नाही, तो निवडावा लागतो. राजाला आणि चर्चला, दोघांनाही हे परवडणारं नव्हतं. या लोकांना बुडवून मारलं, जाळलं. पुढे हॉलंडमधल्या मेनो सायमन्स नावाच्या धर्मगुरूने त्यांच्यातल्या अहिंसा मानणाऱ्या गटाला बांधून ठेवलं. त्याच्या नावावरून ते मेनोनाइट.

त्यांचं म्हणणं साधं होतं. येशूने शत्रूवर प्रेम करा म्हटलंय, तर आम्ही तलवार उचलणार नाही. कुठल्याही राजासाठी नाही. मग प्रत्येक राजाशी खटका. हॉलंडमधून प्रशिया, प्रशियातून रशिया. रशियाच्या राणी कॅथरीनने सैन्यात जाण्यापासून सूट दिली म्हणून तिथे गेले. १८७४ मध्ये रशियाने सगळ्यांना सैन्यभरती सक्तीची केली, तेव्हा हजारो लोक उठून अमेरिका आणि कॅनडात गेले. आपण चांगल्या शाळेसाठी नालासोपाऱ्याहून ठाण्याला जातो, तसे हे लोक बंदूक धरावी लागू नये म्हणून देश बदलत राहिले.

आणि मग १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली.

कायद्यात शांततावादी चर्चच्या लोकांना लढण्यापासून सूट होती. पण छावणीत हजर व्हा, गणवेश घाला आणि सैन्याचं दुसरं काही काम करा, अशी अट होती. बऱ्याच जणांनी ते स्वीकारलं. काहींनी नाही. त्यातले चार जण मेनोनाइटांच्या भाऊबंदांपैकी, हटराइट पंथाचे शेतकरी होते. दक्षिण डकोटातले तीन सख्खे हॉफर भाऊ आणि त्यांचा एक नातेवाईक. ते म्हणाले, गणवेश घातला म्हणजे सैनिक झालो. त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. अल्काट्राझच्या अंधारकोठडीत ठेवलं. गणवेश बाजूला पडलेला, आणि हे थंडीत आतल्या कपड्यांवर. तिथून कॅन्ससच्या फोर्ट लेवनवर्थच्या तुरुंगात हलवलं तेव्हा युद्ध संपून आठवडा झाला होता. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध संपलं. २९ नोव्हेंबरला जोसेफ गेला, २ डिसेंबरला मायकल गेला. जोसेफची बायको त्याला शेवटचं बघायला आली तेव्हा शवपेटीत त्याच्या अंगावर तोच गणवेश चढवलेला होता.

हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बाहेर फिरून आलो होतो.

ब्रिटनमध्येही असंच. १९१६ मध्ये तिथे सक्तीची भरती आली. सुमारे १६ हजार लोकांनी नकार दिला. त्यातल्या ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड सुनावला, आणि मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिका थोडी शिकली. १९४१ पासून नकार देणाऱ्यांसाठी नागरी सेवेच्या छावण्या काढल्या. सुमारे १२ हजार तरुण तिथे गेले. त्यात मेनोनाइट सगळ्यात जास्त, ४,६०० च्या वर. जंगलातली आग विझवायची, जमिनीची धूप थांबवायची, मनोरुग्णालयात काम करायचं. पगार नाही. खर्च बराचसा त्यांच्या चर्चने उचलला. मनोरुग्णालयांत काम करणाऱ्या या पोरांनी आतली भयंकर अवस्था बाहेर आणली, आणि तिथल्या सुधारणांना त्यातून जोर मिळाला. नकार देणाऱ्यांपैकी ३६ जणांनी तर मिनेसोटा विद्यापीठात सहा महिने अर्धपोटी राहायचं कबूल केलं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे डॉक्टरांना कळावं म्हणून. चौथा हिस्सा वजन गेलं त्यांचं.

आणि एक गोष्ट, जी मेनोनाइट स्वतः लपवत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत भरतीचा हुकूम आलेल्या मेनोनाइट पोरांपैकी ४० टक्के सरळ सैन्यात गेले. चारशे वर्षांची परंपरा असूनही. म्हणजे ज्याने नकार दिला, त्याने घरच्या सवयीने दिला असं म्हणता येत नाही. त्याला स्वतःलाच ठरवावं लागलं.

नागपूरच्या कारभाराखाली

आता आपल्याकडे येऊ. मेनोनाइट भारतातही आले. अमेरिकन मेनोनाइट मिशन १८९९ मध्ये धमतरीला पोचलं, दुष्काळाच्या दिवसांत. धमतरी आज छत्तीसगडमध्ये आहे, पण तेव्हा ते मध्य प्रांतात होतं, आणि मध्य प्रांताची राजधानी होती नागपूर. म्हणजे धमतरीचे मेनोनाइट आणि वर्ध्याजवळ पवनारला राहणारे विनोबा, दोघांचाही सरकारी कारभार एकाच शहरातून चालायचा. त्यांची भेट झाली असं मी म्हणत नाहीये. फक्त नकाशा लक्षात ठेवा.

३ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोने भारतही युद्धात आहे असं जाहीर केलं. इथल्या एकाही नेत्याला विचारलं नाही. प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ गेलं.

आता इथे आपली गोष्ट अमेरिकेपेक्षा वेगळी होते. भारतात भारतीयांवर सक्तीची भरती नव्हतीच. १९३९ मध्ये दोनेक लाखांचं असलेलं भारतीय सैन्य १९४५ पर्यंत २५ लाखांवर गेलं, पण कागदावर सगळे स्वखुशीने. स्वखुशी किती आणि पोटाची भूक किती, तो वेगळा विषय. मुद्दा हा की विनोबांच्या दारात कुणी 'चला, बंदूक घ्या' म्हणून आलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांचा, सूत कातणारा, किरकोळ अंगाचा माणूस. त्याला कोण सैन्यात नेणार?

मग तो नाही कशाला म्हणाला?

१७ ऑक्टोबर १९४०. पवनारला विनोबांनी भाषण केलं. वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही. गांधीजींनी नेहरूंच्या आधी त्यांना निवडलं होतं. देशात बहुतेकांना हे नावही माहीत नव्हतं, म्हणून गांधीजींना 'हरिजन'मध्ये लेख लिहून हे विनोबा कोण ते सांगावं लागलं.

थोडं बायोडेटासारखं सांगतो. १९१६ मध्ये बडोद्याहून इंटरची परीक्षा द्यायला हा मुलगा मुंबईला निघाला. आपल्याच लाइनवर. विरार यायच्या खूप आधी, सुरतला उतरला आणि काशीला गेला. शाळेची सर्टिफिकेटं त्याआधीच आईच्या चुलीत घातली होती. मग गांधींकडे. १९२१ पासून वर्ध्यात. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. त्याचं पुस्तक म्हणजे 'गीता प्रवचने', आजही घरोघरी असतं.

या सत्याग्रहाची घोषणा ठरलेली होती. तिचा अर्थ असा : ब्रिटिशांच्या युद्धाला माणसांनी किंवा पैशांनी मदत करणं चूक आहे, आणि करण्यासारखी एकच गोष्ट आहे ती म्हणजे सगळ्याच युद्धांना अहिंसेने विरोध करणं.

पद्धत बघा. सत्याग्रहीने आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं की मी अमुक दिवशी, अमुक गावात युद्धाविरुद्ध बोलणार आहे. मग जाऊन बोलायचं. पकडलं तर तुरुंगात. नाही पकडलं तर पुढच्या गावात, आणि असंच चालत दिल्लीच्या दिशेने. विनोबा चार दिवस वर्ध्याच्या आसपासच्या गावांत बोलत फिरले. २१ ऑक्टोबरला देवळीत अटक. तीन महिन्यांची कैद. ही बातमी पसरू नये म्हणून सरकारने छापखान्यांवर बंधनं आणली, तेव्हा गांधीजींनी 'हरिजन' छापणंच थांबवलं. विनोबा सुटले, पुन्हा बोलले, पुन्हा आत गेले. तिसऱ्यांदाही तेच.

१९४१ च्या मध्यापर्यंत देशभरात सुमारे २५ हजार लोकांना या सत्याग्रहात शिक्षा झाली.

एकाच घोषणेची दोन अर्धुकं

इथे जरा थांबतो, कारण त्या घोषणेत एक गंमत आहे. ती दोन अर्धुकांची आहे. पहिलं अर्धुक म्हणतं, ब्रिटिशांच्या युद्धाला मदत नको. दुसरं म्हणतं, कुठल्याच युद्धाला नको. हे दोन्ही एकच आहे का? अजिबात नाही.

जुलै १९४० मध्ये काँग्रेसची बैठक पुण्यात झाली. तिथे ठरलं की ब्रिटिशांनी स्वातंत्र्य मान्य केलं आणि लगेच राष्ट्रीय सरकार दिलं तर काँग्रेस युद्धात मदत करेल. म्हणजे काँग्रेसचा आक्षेप युद्धाला नव्हता, गुलाम म्हणून लढण्याला होता. गांधीजींना हे पटलं नाही, ते बाजूला झाले. ब्रिटिशांनी देऊ केलं ते फारच कमी होतं, तेव्हा काँग्रेस पुन्हा गांधींकडे आली. म्हणून त्या २५ हजारांतले बहुतेक घोषणेच्या पहिल्या अर्धुकासाठी तुरुंगात गेले. दुसरे सत्याग्रही नेहरू. हिटलरविरुद्ध लढावंच लागेल असं मानणारा माणूस. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, विनोबांना तीन महिने.

पण विनोबा दोन्ही अर्धुकांचे होते. मेनोनाइट शेतकऱ्याच्या शेजारी बसवता येईल असा माणूस त्या यादीत पहिला होता, आणि गांधींनी तो मुद्दाम पहिला ठेवला होता.

स्वतः गांधींचा रेकॉर्ड मात्र सरळ नाहीये. बोअर युद्धात त्यांनी हजारावर भारतीयांचं रुग्णवाहक पथक उभारलं. ते डेस्मंड डॉसच्या कामासारखं म्हणू. पण १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात ते सैन्यभरतीसाठी गावोगाव पायी हिंडले. सत्याग्रहाच्या वेळी फुकट बैलगाडी देणारे शेतकरी आता भाड्यानेही गाडी देईनात. लोक विचारायचे, तुम्ही अहिंसावाले, आणि आम्हाला बंदूक धरायला सांगता? त्यांनी हे सगळं आत्मचरित्रात लिहिलंय. खेड्याचा शेतकरी तिथे गांधींपेक्षा जास्त स्पष्ट होता.

न्यायाधीशाची गोष्ट

आता मला या सगळ्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट. 'गीता प्रवचने'च्या पहिल्याच प्रवचनात आहे.

गीता कुठे सुरू होते? रणांगणावर, आणि एक माणूस म्हणतोय, मी लढणार नाही. अर्जुन. म्हणजे आपल्या परंपरेतला सगळ्यात प्रसिद्ध नकार देणारा! मग अहिंसावादी विनोबांनी अर्जुनाची बाजू घ्यायला हवी ना? ते घेत नाहीत. ते एका न्यायाधीशाचं उदाहरण देतात. त्या न्यायाधीशाने शेकडो गुन्हेगारांना फाशी दिलेली. एक दिवस स्वतःचाच मुलगा खुनाच्या आरोपात समोर आला. गुन्हा सिद्ध झाला. आणि मग न्यायाधीशाला अचानक आठवलं की फाशी किती अमानुष आहे. युक्तिवाद खोटा नाही, पण तो आजच का सुचला? विनोबा म्हणतात, अर्जुनाचं तसंच होतं. त्याने आधी कितीतरी लढाया केल्या होत्या. आज समोर आजोबा, गुरू आणि भाऊ दिसले म्हणून युद्ध वाईट वाटायला लागलं.

म्हणजे प्रश्न 'तू नाही म्हणालास का' इतकाच नाही. 'समोर दुसरं कुणी असतं तरी नाही म्हणाला असतास का', हा आहे.

मला गंमत वाटली, कारण १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये नकार देणाऱ्यांची चौकशी करायला जी मंडळं बसायची, त्यांचा ठरलेला प्रश्न असाच होता. फक्त उलट्या बाजूने. जर्मन सैनिक तुझ्या बहिणीवर हल्ला करत असेल तर तू काय करशील? तिथे विचारणाऱ्याला समोरच्याला पकडायचं होतं. विनोबांना स्वतःलाच तपासायचं होतं. पण तपासणी एकाच गोष्टीची : हा नकार तत्त्वाचा आहे की सोयीचा?

ज्यांना नकार परवडत नव्हता

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मग काय, सगळ्यांनी नकार द्यायला हवा होता. थांबा. आपल्याच महाराष्ट्रातली दुसरी बाजू ऐकल्याशिवाय हा एपिसोड अर्धवट राहील.

महार समाज पिढ्यान् पिढ्या ब्रिटिशांच्या सैन्यात होता. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. पण १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती अशी काहीतरी विभागणी डोक्यात घेऊन. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडून टाकली. ज्या समाजाला गावात विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्याच्यासाठी सैन्य म्हणजे पगार, शाळा, बूट आणि कुणीतरी 'सुभेदारसाहेब' म्हणणं होतं. बाबासाहेबांनी दुसऱ्या महायुद्धात सरकारला पाठिंबा दिला. नाझी जिंकले तर काय होईल हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. विनोबा तेव्हा आत-बाहेर करत होते.

एकाच वर्षी, मराठी बोलणारा एक माणूस सैन्याला नाही म्हणतोय आणि दुसरा सैन्याचं दार उघडून घेतोय. मला यातल्या कुणालाही चूक म्हणता येत नाही. नाही म्हणायला आधी कुणीतरी 'ये' म्हणावं लागतं. ज्याला कधी कुणी आत बोलावलंच नाही, त्याला 'तू बाहेर राहा, ते पवित्र आहे' असं सांगणं सोपं असतं. विनोबांनी सर्टिफिकेटं जाळली. बाबासाहेबांनी ती मिळवण्यासाठी काय काय सोसलं ते आपल्याला माहितीये.

आणि आपल्या जिल्ह्याचंही एक. पालघरला १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारात पाच जण गेले. त्यांचा स्तंभ तुम्ही पाहिला असेल. ते 'छोडो भारत'चे हुतात्मे. त्यांचा नकार परक्या राज्याला होता. तो युद्धाला दिलेल्या नकारापेक्षा वेगळा आहे. दोन्ही एकाच काळातले म्हणून एकाच पोत्यात घालू नका एवढंच.

मग आपल्याशी काय संबंध?

आज भारतात सक्तीची सैन्यभरती नाही. राज्यघटनेच्या कलम २३ मध्ये सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायचा अधिकार राज्याला आहे, आणि कलम २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. या दुसऱ्या कलमाची ताकद १९८६ मध्ये दिसली. केरळमधली तीन शाळकरी भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची पण त्यांच्या श्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, परत घ्या.

पण तुमच्या-माझ्या हातात कुणी बंदूक देणार नाही. म्हणूनच मला मेनोनाइटांपेक्षा विनोबा जवळचे वाटतात. मेनोनाइट पोराकडे भरतीचा हुकूम आला, मग त्याने नाही म्हटलं. विनोबांकडे हुकूम आलाच नाही. त्यांनी ओळखलं की युद्ध फक्त बंदूकवाल्यावर चालत नाही. ते चालतं पैशावर, धान्यावर, फंडावर, आणि बाकीच्यांच्या गप्प बसण्यावर. म्हणून ते बोलायला गेले. त्यांचा गुन्हा इतकाच होता की ते बोलले.

आता माझं. मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या कंपनीत एक नवीन टीम उभी राहतेय. ड्रोनने काढलेल्या व्हिडिओतून गाड्या आणि माणसं आपोआप ओळखायचं काम. क्लायंट परदेशातला. ते पुढे कशासाठी वापरणार, हे टीमला सांगितलं जात नाही. मला विचारलं होतं. पगारात चांगली वाढ होती, आणि घराचा हप्ता कुणाला चुकलाय? बीटेकच्या चार वर्षांत मॉडेलची अचूकता कशी वाढवायची ते शिकवलं. ते मॉडेल कुणाकडे बोट दाखवणार, हे सिलॅबसमध्ये नव्हतं.

मी न्यायाधीशाची गोष्ट स्वतःला लावून बघितली. हाच क्लायंट परदेशातला नसून आपलं लष्कर असतं तर? सीमेवर माझ्या वर्गातला विरारचाच एक मित्र आहे, त्याच्या जिवासाठी हे वापरलं जाणार असतं तर? मी हो म्हटलं असतं. लगेच. म्हणजे मी विनोबा नाही. घोषणेच्या दुसऱ्या अर्धुकापर्यंत मी पोचत नाही. माझा नकार नेहरूंच्या जातीचा : कशासाठी, कुणासाठी, ते मला न सांगता माझं काम वापरू नका.

हे स्पष्ट झाल्यावर मी मॅनेजरला लेखी कळवलं की वापर कुठे होणार हे कळल्याशिवाय मी या टीममध्ये येणार नाही. आजारी आहे, सध्याच्या प्रोजेक्टचा लोड आहे, असली कारणं देता आली असती. पण विनोबांनी जिल्हाधिकाऱ्यांना आधी पत्र पाठवलं होतं ना, तेवढी एक गोष्ट तरी त्यांच्याकडून घ्यावी म्हटलं. मॅनेजरने वाचलं, 'ओके' म्हणाला. ती जागा माझ्या शेजारी बसणाऱ्याने घेतली. त्याच्या घरी आजारी आई आहे आणि कमावणारा तो एकटाच. आम्ही आजही डबा एकत्र खातो. माझी वाढ गेली, त्याच्याशी मैत्री नाही गेली. तुरुंग वगैरे सोडाच, मला साधी वॉर्निंगही मिळाली नाही, त्यामुळे याला त्याग म्हणू नका.

आणि एक सावधगिरी. विनोबांना देव करू नका. १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा त्यांच्या नावावर 'अनुशासन पर्व' हे शब्द फिरले आणि लोकांनी त्यांना 'सरकारी संत' म्हटलं. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या त्या दुर्गाबाई भागवत. १९४० मध्ये नाही म्हटलं म्हणून १९७५ चं नाही आपोआप म्हटलं जात नाही. दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. त्या ४० टक्के मेनोनाइट पोरांचंही तेच, आणि उरलेल्यांचंही.

तर नायगावच्या भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : हो, आपल्याकडे होता. तुरुंगात तीनदा गेला, आणि बाहेर आल्यावर पुढे १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीपासून भूदान मागत देशभर पायी फिरला. नकार दिल्यावर त्याजागी काय करायचं, हेही त्याने स्वतःच शोधलं.

तुमच्या कामात असा प्रसंग आलाय का? बँकेत, कॉल सेंटरला, फार्मा कंपनीत, सरकारी ऑफिसात? युद्धच पाहिजे असं नाही. 'हे मी करणार नाही' असं म्हणावंसं वाटलं, आणि मग म्हटलंत किंवा नाही म्हटलंत, दोन्ही ऐकायला आवडेल. व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. कंपनीचं आणि माणसांचं नाव घेऊ नका. न्यायाधीशाची गोष्ट मात्र आधी स्वतःला लावून बघा, मग रेकॉर्ड करा.

पुढच्या वेळी भेटू. बोरिवली आलं असेल, उतरताना मोबाइल सांभाळा.